विठाआत्याची गच्ची

माझ्या विठाआत्याला घराचा पत्ता विचारलात तर ती शेताचा पत्ता सांगेल. बदलापूर गावाच्या टोकाला जिथे आमची भातखाचरं होती तिथे आता चौदा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या आहेत. आत्याच्या लेखी मात्र तिथे अजून शेतच आहे, इमारती मध्येच आल्यात एवढंच. लिफ्ट आहे तिथे खळं होतं. ए विंग म्हणजे जांभळीचं खाचर. कुरियरवाला खालून फोन करतो, "आजी, कौनसा विंग?" आणि ही त्याला सांगते, "जांभलीखाली ये." बिचारा घामाघूम होऊन पार्किंगमध्ये झाड शोधत फिरतो.

सोसायटीचं नाव पेलिकन हाइट्स. पेलिकन नावाचा पक्षी उल्हास नदीवर कुणी पाहिलाय ते मला माहीत नाही, पण तो दिवसभर चोचीखालच्या पिशवीत मासे कोंबत असतो एवढं माहीत आहे. आणि त्याच्याच नावाच्या सोसायटीत लिफ्टशेजारी लॅमिनेट केलेली नोटीस: 'गच्चीवर मासळी सुकवण्यास सक्त मनाई. दंड आकारला जाईल.' मी आले त्या दिवशी, दोन्ही हातांत बॅगा असताना, ती नोटीस वाचली आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

सहा वर्षांनी मी घरी येत होते. जर्मनीत श्टुटगार्टला मी नर्स आहे. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी इथून नेलेले चार बोंबील तव्यावर भाजले, तर दुसऱ्या दिवशी दाराखालून घरमालकिणीची चिठ्ठी आली. शेजाऱ्यांची वासाबद्दल तक्रार आहे, कृपया असले पदार्थ घरात करू नयेत. मी गप्प बसले. घर तिचं, मुलूख तिचा, आपण पाहुणे. त्यानंतर कधीही सुकट खावीशी वाटली की डोळ्यांपुढे आमचं खळं यायचं. मे महिन्यात आत्या बाजारातून पाटीभर सुकी मासळी आणायची, पावसाळ्याच्या बेगमीला डब्यात भरण्याआधी तिला पुन्हा कडक ऊन दाखवायची. चटईवर एका बाजूला बोंबील, एका बाजूला वाकट्या, मध्ये सुकट. आपल्या घरी आपल्याला कुणी चिठ्ठी पाठवणार नाही, एवढ्या भरवशावर मी परक्या देशात सहा हिवाळे काढले. आणि इथे येऊन बघते तर तीच चिठ्ठी! तीही मराठीत, सुवाच्य अक्षरात, चांगली प्लास्टिकमध्ये घालून.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जायचे. मला वाढवलं ते वडिलांच्या या बहिणीने. ती स्वतः तिशीतच विधवा झालेली, पदरात विनीत. दोन पोरं, चार खाचरं आणि दारची भाजी, एवढा तिचा संसार. सकाळी भाजीची पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसायची. कुणी फार घासाघीस केली की म्हणायची, "येवरी सस्ती पायजे त बी नेवा आन पेरा." गिऱ्हाईक हसायचं आणि तिच्याच भावाने भाजी घेऊन जायचं. कुणाला भिऊन आवाज खाली करणं तिला जमलंच नाही. मी नर्सिंगला जाणार म्हटल्यावर भावकीतले बाप्ये नाकं मुरडायला लागले, तर ही ओटीवर उभी राहून म्हणाली, "तुमी आजारी परलाव का तिच सुई टोचनार. तवा नाक मुरडा." पुढे सगळ्या भावकीने जमीन इमारतींना दिली तेव्हा हिलाही द्यावी लागली. चहूकडून खड्डे पडल्यावर मधली चार खाचरं धरून ठेवणार कशी? त्या बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात ती, शेजारच्यात विनीत आणि त्याचं कुटुंब.

हा विनीत मला विमानतळावर घ्यायला आला होता. आता ठाण्याला मोठ्या बँकेत साहेब आहे आणि पेलिकन हाइट्सचा सेक्रेटरीसुद्धा. गाडीत बसल्यापासून त्याची टकळी सुरू. "ताई, बदलापूर आता ओळखणार नाहीस. एकदम तुमच्यासारखं झालंय." तुमच्यासारखं! मी काय जर्मनीत जन्मले होते? खिडकीतून मला दिसत होते ते धुळीने भरलेले टॉवर, त्यांच्यामागे अर्धे झाकलेले डोंगर आणि जलपर्णीने गुदमरलेली नदी. यातलं माझ्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

घरी पोचले तर आत्याने मिठी मारली आणि लगेच मागे सरकली. "गो बाय, हाताना मसाल्याचा वास येल," म्हणाली. मला ते विचित्र वाटलं. दुपारी ताटात पनीर. रात्री मंचुरियन आणि सूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा पनीर, तेही तिने मोबाइलवर बघून केलेलं, रबरासारखं. आठ दिवस मी ते रबर चावलं. स्वतः आत्याही तेच खात होती, औषध घेतल्यासारखी. मी थट्टेत विचारलं, "आत्या, माळ घातलीस की काय?"

"मना कोन माल घालनार," ती हसली. पण नेहमीसारखं पुढे काही बोलली नाही, उठून भांडी आवरायला लागली.

विनीतला विचारलं तर त्याने आवाज खाली केला. "ताई, डॉक्टरने मीठ बंद केलंय. सुकी मासळी एकदम बंद. तिच्यासमोर विषय काढू नकोस, तिला वाईट वाटतं." मी नर्स. रक्तदाबाच्या पेशंटला खारवलेली मासळी नको हे मला कुणी शिकवायला नको. मी विषय काढला नाही. मनात म्हटलं, सत्तरीची झाली, सोडलं असेल बिचारीने.

तरी गच्चीवर गेले तेव्हा राहवेना. ऊन मी म्हणत होतं आणि गच्ची वाळवणाने भरलेली होती. साबुदाण्याच्या चकल्या, कुरडया, पळीपापड आणि एका कोपऱ्यात लाल मिरच्यांचा हा ढीग. मिरच्यांवरून वारा आला आणि मी पाच मिनिटं ठसकत उभी राहिले, डोळ्यांतून पाणी. मिरचीला दंड नाही, कुरडईला दंड नाही. दंड फक्त बोंबलाला! ज्या जमिनीवर ही गच्ची उभी आहे तिथे ज्यांच्या तीन पिढ्यांनी मासळी वाळवली, त्यांनीच तेवढी ती वाळवायची नाही. फ्लॅट घेणाऱ्यांनी पैसे मोजलेत, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण आयत्या बिळावर येऊन नागोबाने बिळाच्या मालकिणीलाच नियम शिकवायचे म्हणजे काय?

आणि अजून पुढचं राहिलंच. विनीतने माझ्या नावाने एक कार्यक्रम ठरवून टाकला होता. रविवारी अकरा वाजता क्लब हाऊसमध्ये सोसायटीची सभा. त्यात 'परदेशातील शिस्त' या विषयावर मी दोन शब्द बोलायचे. मी नाही म्हटलं, तर आत्याच मागे लागली. "बोल गो. मना आयकायचा हाय. माजी पोर मायकावर बोलनार." तिच्यासाठी हो म्हटलं.

रविवारी सकाळी जुन्या गावात जनाबाईला भेटायला गेले. जनाबाई आत्याची लहानपणापासूनची मैत्रीण, अजून जुन्याच घरात राहते. दारातच वास आला आणि माझे पाय थबकले. चुलीवर सुकट परतत होती, कांदा आणि आमसूल घालून. मला बघून तिने घाईघाईने झाकण टाकलं आणि पदराने वारा घालायला लागली.

"झाकतेस काय? वाढ मला," मी पाटावर बसलेसुद्धा.

जनाबाई बघतच राहिली. "आगो किर्ते, तू खातेस? विठा त बोलली, तुना आता वास सोसत नाय, उलटी होते. विनीतला फोनवर तूच बोललीस नं? तिनं सगले डबे मना आनून देले. भरलेले डबे गो. डोल्याला पदर लावत गेली."

तिने वाढलेली सुकट मी पुढ्यात ओढली. मी असं कधी बोलले? कुणाला बोलले?

"आणि मीठ?" मी विचारलं. "डॉक्टरने मीठ बंद केलंय ना तिचं?"

"तिचा? ती माज्या बराबर लोनचा खाते रोज."

मग जनाबाईने एकेक सांगितलं आणि सगळा उलगडा झाला. महिनाभर नोटीस झुगारून आत्या गच्चीवर मासळी घालत होती. दंड लावला तर म्हणाली, लावा. सेक्रेटरीच्याच आईला दंड, म्हणून सेक्रेटरीची पंचाईत. तेव्हा या शहाण्याने युक्ती काढली. आईला सांगितलं, ताईला वास चालत नाही. मला सांगितलं, आईला मीठ चालत नाही. आणि दोघींना बजावलं, तिच्यासमोर विषय काढू नकोस. परदेशातल्या माणसाच्या नावाचा इथे असा उपयोग होतो, हे मला पहिल्यांदा कळलं. नोटिशीने जी बाई वाकली नाही तिला माझ्या नावाने वाकवली. तळपायाची आग मस्तकात जाणं मी आजवर नुसतं ऐकलं होतं, त्या सकाळी अनुभवलं. सुकट मात्र संपवली. रागानेच संपवली.

तशीच तरातरा क्लब हाऊसला आले. सभा भरली होती. आत्या मागच्या रांगेत खुर्चीवर बसली होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली. चेअरमन नरेंद्र सर माइकवर माझी ओळख करून देत होते. "मॅडम जर्मनीत असतात. तिथे नियम म्हणजे नियम. कचरा नाही, गोंगाट नाही, वास नाही. आपल्याकडे अजून काही जणांना जुन्या सवयी सोडवत नाहीत. मॅडमनी त्यांना दोन गोष्टी समजावून सांगाव्यात." पुढच्या रांगेत विनीत टाळ्या वाजवत होता.

मी माइक घेतला. तयारी काहीच नव्हती, हाताला सुकटीचा वास होता.

"तिकडे मी बोंबील भाजले तर माझ्या दाराखालून चिठ्ठी येते," मी म्हटलं. "मी ती मुकाट्याने ऐकते, कारण ती जागा माझी नाही. मी दुसऱ्याच्या देशात भाड्याने राहते. तुम्ही आता बसला आहात तिथे माझ्या आत्याने गुडघाभर चिखलात भात लावलंय. तिला कोणत्या देशाचे नियम लावता?"

"मॅडम, हा भावनेचा प्रश्न नाही," नरेंद्र सर गोड आवाजात म्हणाले. "हायजीनचा आहे."

"मग मिरच्या काढा गच्चीवरून. काल माझा जीव जायची वेळ आली होती."

मागे कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "मिरचीचं वेगळं आहे."

"वेगळं आहेच. ती तुमच्या घरातली आहे." माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचाही नव्हता. "आणि आणखी एक ऐका. मला मासळीचा वास चालत नाही असं माझ्या नावावर कुणीतरी इथे पसरवलंय. मी असं कधीच बोललेले नाही. आठ दिवस पनीर चावून माझे दात दुखायला लागलेत. आज सकाळी जनाबाईकडे बसून मी परातभर सुकट खाऊन आले आहे."

आत्या खुर्चीचा आधार घेत उठली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"विनीत," तिने हाक मारली. "ही बोलली नव्हती?"

विनीत अर्धवट उठला. "आई, घरी बोलू आपण."

"घरी तू खोटा बोललास. आता हितंच बोल." ती पावलं टाकत दोन खुर्च्यांमधल्या वाटेने पुढे आली. नरेंद्र सर काहीतरी म्हणायला गेले, तिने नुसता हात वर केला आणि ते थांबले. "मी या लोकांना भ्यायले नव्हते. दंड लावतात त लावू दे बोलले. ते परके हान, त्यांचा मना काय वाटत नाय. मी सोरला ते हिचे पायी. माजे भावाची पोर सा वरसांनी घरा येते, तिला तरास नको म्हनून मी डबे देले. मना वाटला पोर लांब गेली आन मनानं पन लांब गेली. आठ रोज मी ह्याच विचारात हाय."

माइक हातात तसाच होता आणि त्यातून माझा श्वास सगळ्या सभेला ऐकू जात होता.

आत्या विनीतसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच.

"लाज तुना वाटते," ती म्हणाली. ओरडली नाही, स्टेशनबाहेर भाव सांगावा तसं म्हणाली. "वाटू दे. वाटली म्हनून मी तुना मारनार नाय. पन दुसऱ्याचा नाव नको घेव. तुज्या तोंडानं बोल, 'आये, मना तुजी लाज वाटते.' येवरा बोल. मी आजपासून बंद करते. कायमचा."

विनीतने तोंड उघडलं. नरेंद्र सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आत्या वाट बघत उभी होती, घाई न करता, गिऱ्हाइकाने पैसे काढेपर्यंत थांबावं तशी. त्याचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याने मान खाली घातली.

"नाय ना बोलवत?"

त्याने मान हलवली.

"मंग उद्या रजा टाक," आत्या म्हणाली. "बाजारला चल माज्या संगती. सगला परत घ्यायचा हाय, आन पाटी आता माज्यानं उचलत नाय."