हेळव्याच्या तोंडी नसलेली लेक

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या कॉलेजात संस्कृतच्या सरांनी फळ्यावर 'लेक' या अर्थाचा एक शब्द लिहिला, दुत्यी, आणि शेजारी एक तारा काढला. रशियन, पोलिश वगैरे भाषा जिच्यातून निघाल्या त्या जुन्या भाषेतला हा शब्द. तो कुठे लिहिलेला सापडलेला नाही. आजच्या भाषांवरून मागे जात पंडितांनी तो जुळवलाय, म्हणून तारा. प्रथमेला दुत्यी आणि षष्ठीला दुत्येरे. मधेच हा 'र' कुठून उपटला? सर म्हणाले, आपल्या दुहिता-दुहितरम् सारखाच, दोन्हींचं मूळ एक. मला सगळा बनाव वाटला. पण त्या बनावानं मला असं झपाटलं, की पुण्याला जाऊन भाषाशास्त्रच शिकायचं ठरवलं.

गावी, कुंडलला, वडिलांना सांगितलं. आबा पलटणीतून निवृत्त झालेले, रशियाचं नाव ऐकताच त्यांनी कान टवकारले. "जो शबूद कुनी आयकला न्हाई, त्यो तुज्या मास्तरला कुनी सांगितला? कायतरी काळंबेरं हाय. पुण्याला जायाचं न्हाई." वर स्थळंही बघायला लागले. मला रडू कोसळलं.

त्याच आठवड्यात हेळवी आला. बैलावर बसून गावोगाव फिरायचं आणि घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणायची, हा त्याचा पिढीजात धंदा. आबा हात जोडून ऐकत होते. मी चिडलेलीच होते. म्हटलं, "ही माणसं तरी कुणी पाहिलीत?"

आबांनी डोळे वटारले. हेळवी आबांच्या पिढीपर्यंत आला, भावांची नावं घेऊन थांबला. आबांच्या लहानपणीच वारलेल्या आत्याबद्दल मी ऐकून होते. विचारलं, "आणि यांची बहीण?"

"लेकी दिल्या घरच्या वंशात, बाई. हितं नसत्यात."

"तिला दिलीच न्हवती," आबा एकदम म्हणाले. "लगनाआदीच गेली. मला कडंवर घिऊन हिंडायची. तिचं नाव घे."

हेळव्यानं मान हलवली. "आमच्याकडं न्हाई, मालक."

आबांनी रीतीप्रमाणे सूपभर जोंधळा दिला, पण दर खेपेसारखे पाया पडले नाहीत. बैल दिसेनासा झाला तरी सोप्यातच बसून होते. मग मला हाक मारली.

"तुज्या मास्तराकडं लेकीचा शबूद हाय न्हवं?"

"आहे, आबा. पण कुणी ऐकलेला नाही."

"आसूं दे. माज्या आक्काचा आवाज तरी आता माज्याबिगर कुनी आयकलाय? जा पुण्याला."