इंदूला लागलेली सूर्याची धास्ती

सोलापुरातल्या एका छोट्या वाचनालयात मुलांचं कपाट सावित्रम्मा हिरेमठ सांभाळत. १९७४ साली त्यांनी हट्टानं ग्रहताऱ्यांची रंगीत चित्रांची पुस्तकं आणवली. "पोरांना हे कशाला?" असं संचालक तेव्हाच म्हणाले होते. आणि एके दिवशी चादरीच्या कारखान्यात काम करणारी सारजाबाई वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आमची इंदू जेवंना. सूर्य पिरथवी गिळणार हाय म्हणती. तुमच्याच पुस्तकात हाय म्हणं."

सावित्रम्मा तशाच तिच्यासोबत निघाल्या. ही गोष्ट संचालकांच्या कानावर गेली, तर कपाटाला कुलूप लागणार. आणि पोर धसका घेऊन खरंच आजारी पडली तर?

आठ वर्षांची इंदू ते पान उघडूनच बसली होती. लालभडक, फुगलेला सूर्य आणि त्याच्या कडेला इवलीशी पृथ्वी. खालच्या मजकुराकडे तिचं लक्षच गेलेलं दिसत नव्हतं.

"याला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत," सावित्रम्मा म्हणाल्या.

"म्हंजी दिवाळीच्या आदी की नंतर?"

"नंतर. लई नंतर."

"तवा आई आसंल?"

खोटं बोलावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. "नाही. तूही नसशील, मीही नसेन."

इंदूनं पुस्तक मिटलं. मग ती आईला म्हणाली, "भाकर दे."

सावित्रम्मा परतल्या, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उरलेली सगळी पुस्तकं त्यांनी पुढ्यात ओढली आणि मजकूर हातानं झाकून त्या इंदूसारखी नुसती चित्रं बघू लागल्या.