फटफटी आणि पायगुण

माझ्या बायकोचा पायगुण वाईट आहे, ही गोष्ट गावात पहिल्यांदा मी बोललो. माय बोलली नाही, शेजारीपाजारी बोलले नाहीत. मी बोललो, आणि बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे. आज पन्नाशीकडे झुकताना या गोष्टीची उजळणी करतो, तेव्हाही कानशिलं तापतात.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमचं गाव मंगरूळपीरच्या बाजूचं. कारंज्याच्या एका कापूस-दलालाकडून मी जुनी विलायती मोटारसायकल घेतली होती. गाव तिला फटफटी म्हणायचं. आसपासच्या गावांत तशी दुसरी गाडी नव्हती आणि त्या तोऱ्यात मी वावरत होतो.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आखाडात बायको माहेरी गेली, ती दिवाळीपर्यंत तिकडेच राहिली. सासुरवाडी किन्हीराजा गावाच्या पलीकडे. पहिल्या दिवाळसणाला मी ऐटीत फटफटीवर निघालो आणि वाटेत ती बंद पडली. चालता चालता आधी गुदमरल्यासारखी झाली, दोन आचके दिले आणि थांबली. मी प्लग काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, टाकी उघडून पेट्रोल पाहिलं, किक मारली. चालू झाली. पुढे पुन्हा तेच. सासुरवाडीत पोचलो तेव्हा कोणाला काही सांगितलं नाही. जावयाची गाडी रस्त्यात बंद पडते, हे जावई कशाला सांगेल?

परत येताना बायको मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर फराळाचं गाठोडं. त्या वाटेवरही गाडी आचके देत राहिली. मी प्रत्येक वेळी प्लग पुसायचो, टाकीत डोकावायचो. मंगरूळला टाकी गच्च भरून घेतली आणि गावाजवळच्या नाल्याशी गाडी पुन्हा थांबली. या वेळी टाकीत पाहायचं काही कारण नव्हतं. प्लग पुसला आणि गुडघा दुखेपर्यंत किक मारल्या. गाडी ढिम्म. शेवटी शेजारचे काका बैलबंडी घेऊन शेतातून येत होते, त्यांनी दोर बांधला. नवी नवरी बंडीत, मागे दोरानं ओढली जाणारी फटफटी, आणि तिचं हँडल धरून पायी मी, अशी आमची वरात गावात शिरली.

पारावर माणसं बसलेली होतीच.

"काऊन गा, फटफटीले बैल जुपले का?"

"चारा काय टाकतं तिले? ढेप का कडबा?"

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि तोंडातून निघून गेलं, "जातानी वाऱ्यासारखी गेली. हिले बसवलं आन् बंद पडली. पायगुण म्हना, दुसरं काय!"

हशा माझ्यावरून उतरला आणि बंडीवर जाऊन बसला. बायकोनं पदर आणखी पुढे ओढला.

थट्टेतला शब्द थट्टेत राहील असं मला वाटलं. तसं झालं नाही. त्याच आठवड्यात गाय आटली, तेव्हा माय चुलीपाशी काहीतरी पुटपुटली. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात दहीभाताची पूजा असते. घरच्या सुनेनं पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षी मायनं चुलत वहिनीला बोलावणं धाडलं आणि बायकोला म्हणाली, "तू घरीच राह्य. भाकरी टाक." तिनं भाकरी टाकल्या. पूजेचा प्रसाद घरी आला, तो तिनं कपाळाला लावला आणि खाल्ला नाही.

मला एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं. जातानाही गाडी बंद पडली होती, एवढंच. पण मग वाऱ्यासारखी गेल्याची फुशारकी खोटी ठरली असती. मी गप्प बसलो.

काही दिवसांनी तिनंच मला गोठ्यात गाठलं. "एक इचारू? तुमी एकटे आले होते तवा गाडी कुठं थांबली नव्हती?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग मले पुन्हा बसवा. मंगरूळले जाऊन येऊ. बंद पडली तं मी सवता पारावर जाऊन सांगीन का पाय माहेच वाईट हायेत. नाही पडली तं सांगाचं काम तुमचं."

माय कडाडली, "कायले पुन्हा शोभा करता?" पण बायको पायात वहाणा घालून फटफटीपाशी जाऊन उभीसुद्धा राहिली होती. ती शब्दाला जागणारी होती. गाडी थांबली असती तर ती खरंच पारावर गेली असती आणि जन्मभर तो ठपका तिच्या कपाळी राहिला असता. मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि त्या भीतीनंच डोकं ताळ्यावर आलं.

इतके दिवस उभी राहिलेली गाडी निमूट चालू झाली. नाला ओलांडून बरंच पुढे गेलो आणि तिनं आचके दिले. थांबली. मागून आवाज आला, "झालं?"

"उतर," मी म्हणालो. "आज मी एका वेळी एकच गोष्ट करून पाहतो."

एरवी मी प्लग, टाकी, किक असं सगळं एकदम करायचो, त्यामुळे गाडी नेमकी कशानं चालू होते ते कधी कळलंच नव्हतं. आधी फक्त प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. टिचकन निळी ठिणगी पडली. म्हणजे ठिणगीचा दोष नाही. प्लग परत बसवला. मग पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून सोडवली. चार थेंब गळाले आणि धार बंद. टाकी भरलेली, तोटी उघडी, आणि नळी कोरडी!

"टाकीत हाये ना पेट्रोल?" ती वाकून पाहत म्हणाली.

मी झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली आणि नळीतून भळाभळा पेट्रोल माझ्या पायांवर सांडलं.

"अवो, घासलेटच्या डब्यासारखंच झालं की हे," ती म्हणाली. "एकच भोक पाडलं तं तेल पडत नाही."

मी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. हवा आत जायला त्याच्या मधोमध सुईएवढं छिद्र असतं. ते दिसेना. त्यावर बोटभर जाड शेंदूर बसला होता, दगडासारखा वाळलेला. दसऱ्याला मी गाडीची पूजा केली होती. माय कुंकू लाव म्हणत होती. मी म्हणालो, कुंकू वाऱ्यानं उडतं, आणि जवसाच्या तेलात शेंदूर कालवून झाकणावर असा टिळा थापला की वर्षभर हलू नये. हललाही नव्हता.

बायकोनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. मी शेंदूर खरवडला, छिद्र मोकळं केलं, फुंकर मारली. आरपार गेली. नळी जोडली. पहिल्या किकेला इंजिन गरजलं.

मग काय विचारता! मंगरूळच्या बाजारात शिरलो, दर्ग्यापर्यंत गेलो, न थांबता मागे वळलो. एकही आचका नाही. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया कमरा ताठ करून पाहत होत्या, आणि मागं बसलेली माझी बायको, जिनं महिनाभर मान वर केली नव्हती, त्यांना हात करत होती. नाला आला तेव्हा ती माझ्या कानाशी ओरडली, "इथं थांबाचं हाये का?" मी आणखी वेग घेतला.

पारापाशी आलो तेव्हा आवाज ऐकून गाव गोळा झालेलं. मायही धावत आली होती. काकांनी हात वर केला, "वा रे पठ्ठे! सुनेचा पाय सुधरला म्हना!"

"सुधरला वं पोरी, सुधरला," म्हणत मायनं तिच्यावरून बोटं मोडली.

सगळे खूश होते. मीही तिथंच खूश होऊन गप्प बसू शकलो असतो. बायको नुसती उतरून उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. सांगायचं काम माझं होतं.

मी इंजिन बंद केलं. "पाय सुधरला नाही, काका. पाय कधी बिघडलाच नव्हता. शेंदरानं झाकणाचं भोक बुजलं होतं, आन् शेंदूर म्या लावला होता. जातानी बी गाडी बंद पडली होती, मी एकटा होतो तवा. मले मालूम होतं."

माय माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बायकोला त्या काळी चारचौघांत नावानं हाक मारायचीही रीत नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माह्यं चुकलं. मी तुह्याबद्दल खोटं बोललो, आन् तू इचारलं तवा पुन्हा खोटं बोललो. मले माफ कर."