सोडतीत निघालेली दलदल

विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला वेस्टरहाइम नावाचं गाव आहे. हरणं कुठे आहेत हे तिथल्या ऑरिन ट्वेटला विचारायचं आणि तो सांगेल त्याच्या बरोबर उलट दिशेला जायचं, हे त्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

त्याला खोटारडा मात्र कुणी म्हणत नाही. बाकी सगळ्या बाबतीत माणूस शब्दाचा पक्का. उभा जन्म त्याने दुधाचा टँकर चालवला. गोठ्यागोठ्यांवरून दूध उचलायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. दुधाला वास आला तर शेतकऱ्याच्या तोंडावर सांगायचा. चर्चच्या तळघरातल्या जेवणात बटाट्याची भाजी कच्ची राहिली तर पाद्रीणबाईंनाही सांगायचा. पण टँकरच्या उंच सीटवरून त्याला पहाटे सगळ्या पंचक्रोशीतली हरणं दिसत. कुठल्या कुंपणावरून उडी मारतात, कुणाच्या मक्यात शिरतात, थंडी पडली की कुठल्या ओहोळाला लपतात, सगळं त्याला माहीत. एवढं माहीत असलेला माणूस ते खरं सांगू लागला असता तर गावाने त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. शिकारीच्या हंगामात कोण कुठे दबा धरून बसतो हे तिथे कुणी खरं सांगत नाही. विचारणाराही खऱ्या उत्तरासाठी विचारत नाही. उत्तर ऐकून एक जागा मनातून खोडायची, एवढाच त्याचा हेतू असतो.

अपवाद एकच झाला. गेलन स्टँगल हा ऑरिनचा शेजारी आणि पत्त्यांतला भिडू. एका नोव्हेंबरात तापाने त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि त्याने ऑरिनवर विश्वास ठेवला. ऑरिनने सांगितलं होतं, गावाच्या सांडपाण्याच्या तळ्यामागे बस. गेलन नाकाला मफलर बांधून बसला आणि खुर्चीएवढ्या शिंगांचा नर घेऊन आला. ऑरिनने त्या नराचे सॉसेज हिवाळाभर त्याच्याकडे जाऊन खाल्ले आणि दर वेळी म्हणाला, "मी सांगितलंच होतं."

गावाबाहेर एक जागा मात्र अशी होती की तिच्याबद्दल ऑरिनलाही खोटं बोलता येत नव्हतं, कारण तिथे कुणी शिकारीला जातच नसे. जुन्या दारूगोळा कारखान्याची जमीन. कारखाना बंद पडला, जमीन सरकारी झाली, उंच तारेचं कुंपण तसंच राहिलं. आत हरणं म्हातारी होऊन मरत होती. ऑरिनने कित्येक वर्षं टँकर त्या कुंपणाशी हळू करून नुसतं पाहिलं होतं. मग सरकारने ठरवलं की ऑक्टोबरात एक शनिवार-रविवार ती जमीन शिकारीला उघडायची, पण फक्त मुलांसाठी, तीही सोळा पुरी न झालेल्या. अर्ज करायचा, सोडत निघायची. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर, बंदुकीशिवाय.

ऑरिनची नात मॅरेन पंधरा वर्षांची होती. आधीच्या तिन्ही सोडतींत तिचं नाव निघालं नव्हतं. येत्या हिवाळ्यात तिला सोळावं लागणार होतं. म्हणजे यंदा निघालं तर निघालं, नाहीतर तिला ते कुंपण कायमचं बंद आणि तिच्या मागून आत जाऊ पाहणाऱ्या आजोबांनाही.

ऑरिनची बायको आर्डिस म्हणाली, "पोरीला हरीण हवंय की तुला?"

"दोघांना."

"बंदूक तिच्याकडे असणार. तू काय करणार तिथे?"

"मार्गदर्शन."

"म्हणजे बडबड," आर्डिस म्हणाली.

त्या जमिनीचे तीन पट्टे केले होते: पाण्याच्या टाकीचा, टेकडीचा आणि दलदलीचा. अर्जात एकच पट्टा निवडायचा, आणि प्रत्येकाची सोडत वेगळी. ज्या पट्ट्याला अर्ज कमी, तिथे नाव निघायची आशा जास्त. ऑरिनला टेकडी हवी होती. ओकची झाडं त्याला बाहेरूनच दिसत, आणि त्या झाडांखाली संध्याकाळी काय उभं असतं तेही. आता गावातल्या बाकीच्या आईबापांनी टेकडी मागू नये यासाठी काय करायचं, यावर त्याने फार डोकं खाजवलं नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो डार्लीनच्या हॉटेलात गेला, नेहमीच्या टेबलाशी बसला आणि हरणांबाबत आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला.

"पोरांना न्यायचं असेल तर टेकडी," तो म्हणाला. "ओकची फळं इतकी पडतात तिथे, की पाय घसरतो. हरणं रांगेत उभी असतात."

गेलनने कप खाली ठेवला. त्याच्या नातवाचाही अर्ज जायचा होता. "टेकडी?"

"शपथेवर सांगतो."

"शपथेवर," गेलन मागच्या टेबलाकडे वळून म्हणाला. "ऐकलंत ना रे? टेकडीवर काही नाही."

दुपारपर्यंत गावभर झालं. टेकडीवर चिटपाखरू नाही, म्हातारा तिचं कौतुक करत सुटलाय, टाकीचा पट्टा धरा. ऑरिन घरी आला तो शीळ घालत. संध्याकाळी मॅरेन आली तेव्हा त्याने तिला अंगणात नेऊन हळू आवाजात सांगितलं, "टेकडी लिही." ती बरं म्हणाली आणि फोनवर अर्ज भरून मोकळी झाली.

सप्टेंबरात निकाल आला. मॅरेन स्वयंपाकघरात शिरली ती फोन पुढे धरून. "आजोबा, निघालं."

ऑरिनने टेबलावर मूठ आपटली. "टेकडी."

"दलदल."

आर्डिसने गॅस बारीक केला. हे ऐकण्यासारखं होतं.

"दलदल कशी निघेल? तू टेकडी लिहिलंस ना?"

"तुम्ही टेकडी म्हणालात म्हणून दलदल लिहिली."

"मी तुला खरं सांगितलं होतं."

"मला कसं कळणार? हॉटेलात सगळ्यांना तेच सांगितलंत, मलाही तेच सांगितलंत. सगळे टाकीकडे पळाले. मग उरली दलदल. म्हटलं, आजोबांच्या मनात तीच असणार."

"अगं, मी तुझा आजोबा आहे."

"बाबांचे तर बाबा आहात," मॅरेन म्हणाली. "त्यांना खडीच्या खाणीत बसवलं होतंत ना? ते अजून सांगतात."

मुलगा बारा वर्षांचा असताना ऑरिनने त्याला खरंच त्या खाणीत बसवलं होतं आणि स्वतः दुसरीकडे जाऊन हरीण मारलं होतं. मुलाने पुढे शिकार सोडली आणि बोटीवर मासे धरायला लागला. मासे कुठे आहेत हे तो बापाला सांगत नाही.

आर्डिस ओट्याला टेकून हसत होती. "टेकडीला किती अर्ज आले?"

ते गेलनकडून कळलं. टेकडीला अर्जच पुरे पडले नव्हते, जागा रिकाम्या राहिल्या होत्या. ऑरिन लगोलग त्या जमिनीच्या कचेरीत गेला आणि पट्टा बदलून मागितला. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की सोडतीत निघालं ते निघालं. टाकीवाल्यांपैकी ज्यांचं नाव निघालं नाही तेही येऊन गेलेत, त्यांनाही हेच सांगितलंय. मग त्यांनी विचारलं, "टेकडीबद्दल गावात कुणी काहीतरी उठवलं होतं म्हणे?"

"लोक काय, काहीही बोलतात," ऑरिन म्हणाला.

खरा पेच पुढेच होता. बरोबर कोण येणार त्या मोठ्या माणसाचं नाव शिकारीच्या आधी द्यायचं होतं, आणि मॅरेनने ते अजून दिलं नव्हतं. तिची कॉनी आत्याही यायला तयार होती. कॉनी दातांच्या दवाखान्यात काम करते, बंदूक उत्तम चालवते आणि गप्प बसू शकते. शेवटचा गुण ऑरिनकडे नव्हता.

"एका अटीवर तुमचं नाव देईन," मॅरेन म्हणाली. "मी विचारेन त्याचं खरं उत्तर. जागा बघायच्या दिवशी आणि शिकारीचे दोन्ही दिवस. एक जरी थाप मारलीत तर पुढच्या क्षणापासून कॉनी आत्या. दोन नावं देता येतात, मी विचारून आलेय."

"सगळ्यांशी खरं बोलायचं?"

"फक्त माझ्याशी. बाकीच्यांचं तुम्ही बघा."

जागा पाहायला एक शनिवार दिला होता. फाटक उघडलं, आणि ज्या कुंपणाकडे ऑरिनने इतकी वर्षं बाहेरून पाहिलं ते त्याच्या मागे गेलं. पुढे दलदल होती. माणसाच्या डोक्यावर जाणारं पाणकणीस, विलोची झुडपं, काळं पाणी, आणि मधून जाणारा कारखान्याच्या जुन्या रेल्वेचा मातीचा बांध, रूळ केव्हाच काढून नेलेले. डावीकडे दूर टेकडी दिसत होती. ऑरिनने तिकडे बघायचं टाळलं.

मॅरेन बांधावर थांबली. "हरणं इथून कुठे ओलांडतात?"

ऑरिनच्या तोंडात तीन उत्तरं तयार होती, तिन्ही छान. ही दलदल त्याने आयुष्यात आतून पाहिली नव्हती. रस्त्यावरून ती दिसतही नाही. त्याने टोपी काढली, परत घातली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मॅरेनने खिशातून फोन काढला. "परत म्हणा. आजीला पाठवते."

"एकदा ऐकलंस तेवढं पुरे."

मग दोघं खाली वाकून चालू लागले. ज्याला माहीत नाही त्याला शोधावं लागतं, आणि ऑरिनने बरीच वर्षं काही शोधलं नव्हतं. तो चिखलातले खूर बघत राहिला आणि ती लेंड्या. बांध जिथे वळतो तिथे एक घसरण होती, रोजच्या पायांनी गुळगुळीत झालेली. ती मॅरेनला आधी दिसली. ऑरिनने वाळकं पाणकणीस चुरगळून हवेत सोडलं, त्यातला कापूस कुठे उडत जातो ते पाहिलं आणि म्हणाला, वारा असाच राहिला तर पलीकडच्या विलोमागे बसायचं. वारा असाच राहील का, असं तिने विचारलं. तेही माहीत नव्हतं. परतताना मॅरेनने फाटकावरच्या बाईंना सांगितलं, "शनिवारी आजोबा."

शिकारीच्या शनिवारी दोघं नारिंगी जाकिटं घालून विलोमागे खेटून बसले. मॅरेनचा नियम होता की ऑरिनने फक्त विचारलं तर बोलायचं, आणि मॅरेन काही विचारतच नव्हती. उजाडल्यावर दोन सारस ओरडत गेले. ऑरिनचा गुडघा आखडला. टेकडीच्या बाजूने एकही बार ऐकू आला नाही, कारण तिथे बार काढणारं जवळजवळ कुणी नव्हतं, आणि हे त्याला कुणालातरी सांगायचं होतं.

घसरणीवर एक मादी आली. सावकाश, कान हलवत.

"घेऊ?" मॅरेनने ओठांनी विचारलं.

"आडवी होऊ दे. आता."

बार झाला. मादी दोन उड्या मारून पाणकणसात शिरली आणि आवाज थांबला. नेम चांगला होता, मादी दूर गेली नव्हती. पण पडली ती पाण्यात, बांधापासून बरीच आत. या जमिनीचा नियम असा, की आधी एक मादी मारायची, मग नर मारायची परवानगी. म्हणजे मॅरेनला रविवारी नर मिळू शकत होता आणि आत म्हातारे नर होते, खुर्चीएवढ्या शिंगांचे नव्हे, कोचाएवढ्या. ऑरिनला हे बाहेरून पाहूनच माहीत होतं, आणि मॅरेनलाही त्याने ते याच शब्दांत सांगितलं होतं. त्याने मॅरेनची बंदूक रिकामी झाल्याची खात्री केली, दोर घेतला आणि पाण्यात उतरला.

पाणी कमरेपर्यंत आलं आणि त्याचा श्वास छातीत अडकला. त्या आठवड्यात रात्री काठाला बर्फ धरत होता. त्याने मादीच्या मागच्या पायांना दोर बांधला, ओढला, आणि त्याला कळलं की खालचा गाळ सोडत नाही. एकट्याचं काम नव्हतं. मॅरेन बांधावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"आजोबा," तिने हाक मारली, "पाणी थंड आहे का?"

ऑरिन थांबला. एका बाजूला रविवार होता. कुंपणाच्या आतला शेवटचा दिवस, कोचाएवढा नर आणि हाताच्या अंतरावर बसलेली नात. दुसऱ्या बाजूला बांधावर बसलेली हीच पोर होती, पायमोजे काढून, विश्वासाने त्याच्याकडे बघत. असा प्रश्न त्याला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

"छे गं," तो दात आवळून म्हणाला. "कोमट आहे."

"नक्की?"

"निवलेल्या कॉफीएवढं."

मॅरेन एकदम कमरेपर्यंत उतरली. डोळे मिटून, दोन्ही हात वर धरून ती नुसती उभी राहिली. ऑरिनने दोराला धरून इतकं हसू दाबलं की त्याची टोपी पाण्यात पडली.

मग डोळे उघडून ती म्हणाली, "उद्या आत्या."

"चालेल."

"चालेल?"

"तुझं तोंड पाहिलं ना मी," ऑरिन म्हणाला. "ओढ आता."

दोघांनी मादी ओढून बांधावर आणली. घरी आर्डिसने दोघांना शेगडीपुढे बसवलं आणि काय झालं ते दोघांकडून वेगवेगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं वाट पाहिलीस त्या कुंपणाची. एका थापेसाठी शेवटचा दिवस घालवलास?"

"चांगली होती," ऑरिन म्हणाला.

रविवारी त्यानेच कॉनीला आणि मॅरेनला फाटकापर्यंत सोडलं आणि गाडीत थर्मास घेऊन बसून राहिला. दुपारी दोघी रिकाम्या हातांनी परत आल्या. कॉनी मागच्या सीटवर बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. मॅरेन पुढे बसली.

"नर दिसला?" ऑरिनने विचारलं.

"दिसला."

"मग?"

"आत्या घोरत होती. आवाजाने पळाला."

ऑरिनने आरशात पाहिलं. कॉनीचे डोळे मिटलेलेच होते. "केवढा होता?"

मॅरेनने त्याच्या थर्मासमधली कॉफी ओतून घेतली, एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोचाएवढा."

ऑरिनने गाडी सुरू केली नाही. तो बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खरं की थाप, त्यावरून काहीही कळत नव्हतं.