मी सोडलेली शून्यं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, तेव्हा ही वही कोणाच्या हाती लागली तर सांभाळून घ्यावं. माझा धाकटा भाऊ मिलिंद जाऊन सहा आठवडे झाले. त्या सकाळी मी शहराच्या कडेला, बेसा वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्यासाठी भाकरी थापत होते. हाक मारली, ओ आली नाही...

आई गेली तेव्हा मिलिंद दीड वर्षाचा होता. त्याला सांभाळायला मी नरखेडकडच्या आमच्या गावातली शाळा सोडली. तो मात्र शिकत शिकत ताऱ्यांपर्यंत गेला. गावचे लोक विचारायचे, "दुर्बीण कुठी हाय गा तुही?" तो हसून म्हणायचा, "माहे तारे डोळ्यानं दिसतच नाहीत, काका. निरा आकडे धाडतात." आपल्या ताऱ्यांच्या थव्यापलीकडे दुसरे थवे आहेत, त्यांना तो दीर्घिका म्हणायचा. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातल्या एकाजवळून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात तसले. दुसरा, मोठा तारा आड आला की ते किरण थांबतात. तेच ग्रहण. वर फिरणारा उपग्रह ते किरण मोजतो. अशा एका जोडीची दोन ग्रहणं मिलिंदला सापडली होती. तिसरं कधी व्हायला हवं याचं गणित त्याने मांडलं होतं. ते जुळलं तरच पहिली दोन खरी ठरणार होती.

पण साखरेने त्याची नजर नेली. लग्न आम्हा दोघांचंही झालं नव्हतं. नोकरी सोडून तो माझ्याकडे राहायला आला. त्याची जुनी विद्यार्थिनी मेघना आता स्वतः शिकवते. तिसरं ग्रहण ज्या दिवसांत व्हायला हवं होतं, त्या दिवसांचे आकडे तिने मोठ्या टायपात छापून पाठवले. मशीन वाचून दाखवतं म्हणे, पण त्याला माझाच आवाज हवा होता. दुपारची जेवणं आटोपली की मी वाचायला बसायचे.

"ताई, जिथं नुसती रेघ असंल ते सोडून देजो. तवा उपग्रह पृथ्वीच्या आड राह्यते, त्याले काही दिसत नाही."

"बरं."

"अन् इतकी भराभर काहून वाचून राहिली वं? बस सुटून राहिली का तुही?"

मग मी हळू वाचलं. सहा, चार, सात, पाच... एका पानावर शून्यंच शून्यं लागली. मला वाटलं, काहीच नाही म्हणजे रेघेसारखंच. त्याला दम लागत होता, उगाच कशाला ऐकवायचं. विचारायला हवं होतं. पण आपलं अडाणीपण उघडं पडेल याची मला जन्माची लाज. ती सगळी सोडून मी खालचा पाच वाचला.

पानं संपल्यावर त्याने मग मला मेघनाला फोन लावायला सांगितलं. "माझं गणित चुकलं," तो तिला म्हणाला. "तिथे ग्रहण नाही. हे काम आता बंद कर." त्यानंतर चार दिवस तो धड जेवला नाही. पाचव्या दिवशी गेला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, मेघना आली आणि दोन शब्द बोलायला उठली. "सर शेवटपर्यंत खरे राहिले. ग्रहणाच्या वेळी शून्यं यायला हवी होती. ती आली नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं." पाण्याचा जग माझ्या हातात तसाच राहिला. रेघ म्हणजे उपग्रह पाहतच नव्हता. शून्य म्हणजे पाहत होता, आणि किरण आला नाही...

चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. मी मेघनाचा हात धरून तिला आत नेलं.

"शून्यं होती वं," मी म्हटलं. "मीच वाचली नाहीत."

ती पानं घेऊन खाली फरशीवरच बसली. बोट ठेवून वेळ पाहिली, मिलिंदच्या गणिताच्या कागदावरची पाहिली. "ताई, सरांनी काढलेली तीच वेळ..." एवढं म्हणून ती रडायला लागली. मला रडताही येईना.

ते काम आता ती त्याच्या नावाने पुरं करणार आहे. पानं मी मागून ठेवून घेतली. काल दुपारी ती घेऊन त्याच्या खोलीत बसले. प्रत्येक आकड्याला तो "हं" म्हणायचा, मग मी पुढचा वाचायचे. सात, म्हटलं. पाच. शून्य, म्हटलं, आणि त्याच्या "हं"साठी थांबले. मग पुढचं शून्य.