वामनचं सोललेलं केळं

आज सकाळपासून ज्यांनी वामनच्या फोटोखाली RIP लिहिलं, त्यांच्यातलेच कितीतरी जण गेल्या महिन्यात त्याला हसत होते.

नावं घेत नाही. मुलगा म्हणाला, पप्पा, हे टाकू नका, लोक नाराज होतील. मी लिहिलेलं पुसलं.

मग परत लिहिलं.

माझं शिक्षण दहावी नापास. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वामन जैनाबादचा. तापीपलीकडच्या शाळेचा गोलकीपर आणि कॅप्टन. मी इकडे बुऱ्हाणपुरातल्या शाळेचा कॅप्टन.

फुटबॉलची सेमीफायनल आमच्या दोन शाळांमध्येच व्हायची. जो जिंकेल तो फायनलला खंडव्याला.

पहिल्या वर्षी आम्ही जिंकलो. शेवटचा गोल माझा, वामनच्या पायांमधून.

जिंकल्यावर खायला म्हणून जैनाबादवाल्यांनी वामनच्या बागेतला केळीचा घड आणला होता. तो तसाच झाडाखाली पडलेला. मला वाटलं, आता हे मारणार. मी तेव्हाही घाबरटच होतो.

वामन माझ्याकडे चालत आला. हातात एक केळं. सगळ्यांसमोर ते सोललं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही आम्हाला सोललं. आता हे सोललेलं खा."

दोन्ही टीम हसत सुटल्या. घड तिथेच संपला.

फायनलला ती सगळी पोरं आमच्यासाठी ओरडायला खंडव्याला आली. परत येताना वामनचा घसा इतका बसला होता की घरी आईशी तो खुणांनी बोलला.

पुढच्या वर्षी आम्ही हरलो. मी केळं नेऊन त्याच्या हातात दिलं. त्याने ते परत केलं.

"सोलून दे, जगन्या. हरलायस तू."

तेव्हापासून रीतच पडली. हरणाऱ्या कॅप्टनने सोलायचं, जिंकणाऱ्याने तिथेच उभ्या उभ्या खायचं. खाल्लं की भांडण संपलं. आमच्या मागून आलेल्या पोरांनीही ती पाळली.

मग मधे बरीच वर्षं मॅचच बंद होत्या. परत सुरू झाल्या तेव्हा नव्या पोरांना कोणी काही सांगितलं नाही.

राहिलो आम्ही दोघं म्हातारे. ग्राउंडच्या कडेला बसायचो. ज्याची शाळा हरेल त्याने दुसऱ्याला सोलून द्यायचं. मी हरलो की वामन मुद्दाम हळूहळू खायचा, माझ्याकडे बघत.

पण दरवेळी निघताना म्हणायचा, पोरांना सांगायला पाहिजे रे. आपल्यानंतर हे संपेल.

या वर्षी माझं बीपी वाढलेलं. सुनेने उन्हात जाऊ दिलं नाही. वामन एकटाच गेला.

जैनाबाद हरलं. माझी शाळा जिंकली.

मी आलो नाही, तर यंदा जिंकलेल्या पोरालाच देऊ, असं त्याने ठरवलं. आमच्या कॅप्टनसमोर उभा राहिला, केळं सोललं, पुढे धरलं. मॅचमध्ये आधीच शिवीगाळ झाली होती. पोराला वाटलं, म्हातारा हरला म्हणून घाणेरडा इशारा करतोय.

"दादाजी, केला किसको दिखा रहे हो?"

आणि हातावर फटका मारला. केळं मातीत.

वामन वाकून ते उचलतोय, एवढाच व्हिडिओ सगळीकडे फिरला. वर गाणं लावलेलं. मला तो खकनारच्या व्याह्यांनी पाठवला. खाली हसणारे चेहरे.

पोरांवर माझा राग नाही. त्यांना काय माहीत.

राग त्या दिवशी ग्राउंडवर स्टेजवरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांवर आहे. त्यांच्यात आमच्या जुन्या टीमचे लोक होते. त्यांनी स्वतः ती केळी खाल्लेली आहेत. एकाने उठून म्हणायचं होतं, अरे बेटा, खा ते, मान आहे तुझा.

कोणी उठलं नाही. प्रमुख पाहुणे भाषण करत होते ना.

आज त्यांचेच मेसेज सगळ्यात लांब आहेत. खेळाडू वृत्तीचा माणूस गेला म्हणे.

त्या संध्याकाळी मी वामनला फोन केला. मला वाटलं, चिडला असेल. तो उलट मलाच समजावत होता.

"त्या पोराला काही म्हणू नको. त्याला कोणी सांगितलंच नाही."

मग म्हणाला, "तुझं केळं राहिलं माझ्याकडे. येतो पूल ओलांडून. सोलून देतो."

आला नाही. त्यानंतर तो घराबाहेरच फार पडत नव्हता, असं आता कळतंय.

आज पहाटे गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. केळ्यामुळे कोणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. तरी सकाळपासून मन तिथेच जातंय. मी गेलो असतो तर ते केळं मीच खाल्लं असतं.

तापीवर त्याला अग्नी देऊन परत आल्यावर त्याच्या दारात बसलो होतो. त्याची सून आतून आली. म्हणाली, काका, बाबांनी तुमच्यासाठी घड पिकायला ठेवला होता, आता उद्या-परवा नेणार होते.

एक केळं माझ्या हातात दिलं. सुतकाच्या घरातून काही आणत नाहीत, मला माहीत आहे. तरी घेतलं.

ते आता समोर ठेवलंय. घरचे म्हणतात, खाऊन टाका, नाहीतर काळं पडेल.

पडू दे.

मी कसं सोलू? हरणाऱ्याने सोलायचं असतं.

आणि या वर्षी आम्ही जिंकलोय, वामन.

जा आता. नमस्कार.

तुझा जगन्या