दोन हात, एक दम

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. झोप येत नाही तेव्हा वाचतो, आणि बहुतेक वेळा 'कायतरीच' म्हणून फोन उपडा ठेवतो. स्पष्टच सांगतो, माझा असल्या प्रकारांवर कधी विश्वास नव्हता. माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे पाण्याच्या मोटारींत नवी तार भरायचा. शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतो, म्हणतो 'कुणाची तरी नजर लागली', आणि मी मीटर लावून दाखवतो की बाबा, नजर-बिजर काही नाही, तुझा एक फेज गेला होता. जळण्याला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, यावर माझी उभी हयात गेली. तशा माणसाला हे लिहावं लागतंय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आमचं गाव पुणतांबा. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावाच्या खालच्या अंगाला केटी बंधाऱ्याचा फुगवटा आहे. पावसाळा सरला की बंधाऱ्याला फळ्या टाकतात, मग पाणी तुंबतं आणि पार उन्हाळ्यापर्यंत संथ उभं राहतं. त्या पाण्यावर आमचा तराफा असायचा. चार निळे प्लास्टिकचे ड्रम, त्यावर बांबू, आणि बांबूंवर आमच्या मोडलेल्या गोठ्याचं दार आडवं टाकलेलं. दाराची कडी तशीच ठेवली होती, जेवणाचा डबा अडकवायला बरी पडायची. नांगर म्हणून जळालेल्या मोटारीची बॉडी. आणि तराफ्यापासून काठावरच्या बाभळीपर्यंत हिरवी नायलॉनची दोरी... विहिरीत मोटार सोडतात तीच.

हे सगळं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दुकानही त्यांचंच, तराफाही त्यांचाच. मासे धरणं हा काही आमचा धंदा नव्हे, निव्वळ नाद. गळाला कणकेची गोळी लावायची, टाकायचा आणि बसायचं. चिलापी मिळायची, कधी मरळ, नशीब जोरावर असलं तर रोहू. बारका असला की परत पाण्यात. आई माळकरी होती, घरात मासा शिजणं शक्यच नव्हतं. त्यामुळे अण्णा दिवसभर उन्हात बसून मासे धरायचे आणि संध्याकाळी ते जालिंदरच्या घरी देऊन हात हलवत परत यायचे. जालिंदर म्हणजे माझा बरोबरीचा दोस्त, बाभळीच्या मागेच त्याचा ऊस आहे. आई म्हणायची, "दळन आपलं नि पीठ लोकाचं." अण्णा नुसते हसायचे.

अण्णांचा एक नियम होता. गंगेवर असताना एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. "पान्यावर नाव घेतलं की नको त्याला बी ऐकू जातं," असं त्यांचं म्हणणं. मी कॉलेजात असताना यावर त्यांची पुष्कळ चेष्टा केली, पण नियम पाळला, कारण न पाळला तर ते तराफ्यावर घेत नसत. हाकेच्या ऐवजी आमचा ठोका होता. तराफ्यावरच्यानं गळाच्या मुठीनं ड्रमवर दोनदा वाजवायचं. ठक, ठक. म्हणजे 'ओढ'. मग काठावरचा दोरी धरून तराफा ओढून घ्यायचा.

आणि ओढण्याची अण्णांची एक तऱ्हा होती. त्यांनी जन्मभर विहिरीतून मोटारी वर काढल्या. आमच्यासारखे पोरगेलेसे लोक दोरी धरली की सपासप ओढत सुटायचे आणि अर्ध्यात धापा टाकायचे. अण्णा दोन हात ओढायचे, पाय बाभळीच्या पाण्याकडच्या मुळीला लावून एक दम घ्यायचे, परत दोन हात. "दोन हात, एक दम. मोटार बी वर येती आन् मानूस बी ऱ्हातो." तराफ्यावर बसलेल्याला डोळे मिटूनही कळायचं की ओढणारे अण्णा आहेत. ओढून झालं की ओल्या दोरीचं वेटोळं बाभळीच्या बुंध्याशी घालायचे आणि दोरीचं टोक पाण्याकडे करून त्यावर धोंडा ठेवायचे. टोक पाण्याकडेच का, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजव्या हाताची मूठ जी आवळली ती आवळलीच. रोज सकाळी कोमट पाण्यात धरून एकेक बोट उघडायचं, तळवा धुवायचा, पुसायचा, मऊ कापडाची गुंडाळी आत ठेवायची, की मूठ परत मिटायची. त्यांना कूस बदलून द्यायची, भरवायचं, कपडे बदलायचे, मग दुकान, मग परत तेच. माझी बायको सुनंदा माझ्यापेक्षा जास्त करते, तिच्या पाठीनं केव्हाच राजीनामा दिलाय. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आपण चिडत नाही, रडत नाही, नुसतं दमतो. झोपून उठलं तरी दमलेलंच असतो. अण्णा डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत राहायचे, आणि मला वाटायचं की यांनाही पुरे झालंय, पण सांगणार कसं?

आता तो दिवस. परतीचा पाऊस आमच्याकडे होऊन गेला होता, ऊन कडक पडलं होतं आणि बंधाऱ्याला फळ्या पडल्या होत्या. एकदा फळ्या पडल्या की वरून पाणी येत नाही, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. सकाळचं सगळं आवरलं, अण्णांचा हात धुतला, तेव्हा सुनंदाच म्हणाली, "जा जरा गंगेवर. तुमचं तोंड बघवत न्हाई." मी म्हणालो, आणि तू? ती म्हणाली, "तुमी या, मग मी माहेरी जाऊन दोन दिवस झोपनार हाये." फोन मी मुद्दाम घरी फळीवर ठेवला. तो बरोबर असला की 'मोटार झाली का' याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

तराफा बांबूनं रेटत मधोमध नेला, नांगर टाकला, गळ टाकला. डबा कडीला अडकवला. आणि त्या दारावर आडवा झालो तो कधी डोळा लागला ते कळलंच नाही.

जाग आली ती हिसक्यानं. पूर्ण जागही म्हणता येणार नाही. तराफा हलत होता... दोन हिसके, मग थांबायचा. दोन हिसके, मग थांबायचा. आणि मी, ऐका बरं का, मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. मनात आलं, अण्णा ओढतायत, ओढू देत. लहानपणी तराफ्यावर झोपलो की असाच काठाला यायचो. अण्णा खाटेवर पडलेत, त्यांना कूसही बदलता येत नाही, हे त्या वेळी डोक्यात नव्हतंच. वर्षभरात पहिल्यांदा मला कसली काळजी नव्हती. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

ड्रम मुळीला लागला आणि मी उठून बसलो. काठावर कुणी नव्हतं.

बाभळीच्या बुंध्याशी दोरीचं वेटोळं पडलं होतं, ओलं. वर धोंडा. टोक पाण्याकडे. नांगर मी उचललेला नव्हता, तो तळातून फरफटत आला होता. काठाजवळच्या उथळ पाण्यात त्यानं काढलेली गढूळ रेघ अजून दिसत होती. ती मोटारीची बॉडी एकट्यानं उचलताना माझी कंबर बोलते. मी खुळ्यासारखा इकडेतिकडे बघत उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं, आणि कुणाला मारायची ते कळेना म्हणून मिटलं.

तेवढ्यात उसातून जालिंदर धावत आला, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला.

"तू हितं काय करतो? फोन कुठं मेला तुझा? वरून पानी सोडलंय, नाशकाकडं लई झोडपलं म्हनं. मी मोटार काढायला आलोय!"

"मला तू ओढलं का?" मी विचारलं.

"काय ओढलं? आरे मी आत्ता येतोय. धर, पाइप धर आधी!"

त्याची मोटार आम्ही दोघांनी कशीबशी वर घेतली, आणि पाणी आलं. आवाज आधी आला. तपकिरी पाणी, त्यात जलपर्णीचे ढीग, कुणाच्या तरी उसाची टिपरं, एक आख्खा बाभळीचा फांदोरा. बघता बघता मुळी बुडाली. तराफा सोडवायला मी पुढे झालो तर जालिंदरनं मागून कॉलर धरली. दोरी ताणली, तुटली आणि अण्णांचा तराफा वाकडा होऊन वळणापलीकडे गेला. मधोमध झोपलेलो असतो तर त्याच्याबरोबर गेलो असतो, हे समजायला मीटर लागत नाही.

जालिंदरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नांगर सुटला आसंल, धारेनं आनलं आसंल काठाला." मलाही तेच हवं होतं. पण धार खाली वाहते. धारेनं आणला असता तर तराफा दोरीच्या लांबीनं खालच्या अंगाला लागला असता आणि दोरी ताठ असती. तो बाभळीच्या बरोबर पायाशी होता. आणि वेटोळं कुठल्या धारेनं घातलं?

घरी आलो तर सुनंदा दारातच. आधी मला हातानं चाचपलं, मग रडली, मग ओरडली. पूर आल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. पण तेवढंच नव्हतं.

"अहो, दुपारी अन्नांचं काय खरं नव्हतं. मी भांडी घासत हुते, तर दोनदा ठक ठक वाजलं. वाटलं, दारात कुनी आलं. बघितलं तर कुनी न्हाई. आत आले तर अन्ना घामानं थबथबलेले. दोनदा जोरात श्वास ओढायचे, थांबायचे. परत दोनदा ओढायचे, थांबायचे. मला वाटलं संपलं आता. तुमाला फोन लावला तर तो हितंच फळीवर वाजतोय."

"मग?"

"मग एकदम सोडलं त्यांनी. झोपले ते अजून झोपलेत."

मी ठोका दिला नव्हता, हे आधी सांगतो. झोपेत हललो असेन, कडीचा डबा ड्रमवर आपटला असेल, समजू शकतो. पण आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

संध्याकाळी अण्णांचं अंग पुसायला घेतलं. उजवी मूठ उघडली. आतली कापडाची गुंडाळी नव्हती, ती खाटेखाली पडली होती. तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता. मधली कातडी सोललेली, कडेला दोन फोड. जन्मभर दोऱ्या ओढलेल्या घरात हे कशानं होतं ते कुणाला शिकवावं लागत नाही. सोललेल्या कातडीत हिरवा नायलॉनचा बारीक धागा अडकला होता. हाच हात मी सकाळी धुतला होता.

डॉक्टर म्हणाले, नखं रुतली असतील. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. धागा माझ्या कपड्यांवरून आला असेल, आमच्या घरात तो भाकरीतही सापडतो. सगळ्याला काही ना काही सांगता येतं. फक्त सगळं एकत्र ठेवून मीटर लावला की काटा हलतच नाही.

त्यांना जाग आल्यावर मी खाटेशी बसलो आणि विचारलं, "अण्णा, मला तुम्ही ओढलं का?" ते माझ्याकडे बघत राहिले. वर्षभरात एवढं नीट बघितलं नव्हतं. मग डावा हात सरकवला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाच्या पेरानं वाजवलं. ठक, ठक.

आधी वाटलं, 'हो' म्हणतायत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वाजवलं. सुनंदानं पाणी दिलं तर तोंड फिरवलं. भूक नाही, लघवी नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. दोन ठोके, मग माझ्याकडे बघणं. आमच्या घरात त्या ठोक्याचा एकच अर्थ आहे, 'ओढ', आणि तो तराफ्यावरचा माणूस काठावरच्याला सांगतो. मला कळत होतं. कळूनही मी दोन दिवस दुकानात बसून राहिलो, कारण जीव धजत नव्हता. अण्णा मला हवेत हो. आणि त्यांचे हाल बघवत नाहीत. दोन्ही खरं आहे, एकाच वेळी खरं आहे, आणि याचं कुणी काय करायचं?

या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले. हाताची जखम भरली, फिकट पट्टा राहिलाय. सुनंदा चार दिवस माहेरी राहून आली. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. देवऋषी, उतारे वगैरे कृपा करून सुचवू नका.

रोज दुपारी मी दुकान बंद करून घरी येतो. अण्णा दोनदा वाजवतात. मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतो आणि हळूच माझ्याकडे ओढतो. दोन हात, एक दम. दोन हात, एक दम. थोड्या वेळानं त्यांचे डोळे मिटतात, मला वाटतं आले... आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ठक, ठक.

अजून काठाला लागले नाहीत.